ऊर्मीच्या पानांचा दसरा

इथे परदेशात, वॉटर्लूच्या आमच्या मराठी मंडळात ऊर्मीला सगळे ‘किडेवाली’ म्हणतात. ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी ओकची पानं उलटीपालटी करायची, हा तिचा छंद. त्या पानाच्या पापुद्र्याखाली एक चिमुकली अळी पान पोखरत राहते. बाहेरून दिसतो फक्त तपकिरी डाग. डागावरून त्या अळीचा जो पतंग होणार त्याचं घराणं कळतं, कॅमेरारिया. पण नेमकी जात ओळखायची तर पतंगच बाहेर यावा लागतो, आणि तो असतो तिळाहून जेमतेम मोठा.

दोन वर्षं ऊर्मीनं पानं घरात उबेला ठेवली आणि अळ्या वाळून गेल्या. मग तिला उमगलं, यांना इथली थंडीच लागते. म्हणून २०१८ साली तिनं डागवाली पानं वेचून, पिशवीत भरून थंडगार गराजमध्ये ठेवली.

तेवढ्यात दसरा आला. इथे आपटा कुठला मिळायला? मिळतील ती पानं आम्ही सोनं म्हणून वाटतो. त्या वर्षी पानं आणायचं काम ऊर्मीच्या नवऱ्याकडे, नंदूकडे होतं. त्यानं गराजमधली पिशवी उचलली आणि कम्युनिटी हॉलमध्ये सगळ्यांना सोनं वाटून मोकळा झाला.

ऊर्मी ऑफिसातून थेट हॉलवर आली. मी तिच्या हातात सोनं ठेवलं. तिनं सवयीनं पान दिव्यासमोर धरलं आणि किंचाळलीच, “नंदू, ही माझी पानं आहेत!”

“अगं, मला वाटलं बॅकयार्डमधली गळलेली पानं रेक करून भरलीयस. यार्ड वेस्टच्या कचऱ्यातच जाणार होती ना?”

मग पैठणी नेसलेल्या बायकांकडून सोनं परत मागत ती हॉलभर फिरली. हसून हसून माझं पोट दुखलं. सगळ्यांनी पानं दिली. अडून बसले ते फक्त दादासाहेब. साताऱ्याहून मुलाकडे कायमचे राहायला आलेले, कुणाशी धड न बोलणारे.

“दसऱ्याचं सोनं परत मागतात का? अळी आहे ना आत? कशी जपायची ते सांग. मी जपतो.”

ऊर्मीनं धुसफुसत सांगितलं: बरणीत ठेवा, तोंडाला फडकं बांधा, बरणी गराजमध्ये, आणि मधूनमधून पाण्याचा शिपका.

पुढच्या मे महिन्यात ऊर्मीच्या बरण्यांतून निघाल्या त्या नुसत्या बारीक गांधीलमाश्या, अळ्या खाऊन पोसलेल्या. तिसरंही वर्ष पाण्यात गेलं. ती माझ्या किचनमध्ये बसून रडली आणि मी उगाचच नंदूवर खेकसले.

आठवड्याभरात दादासाहेबांचा फोन आला. “ऊर्मी, लवकर ये. बरणीत काहीतरी चमकतंय.”

आम्ही चप्पल कशीबशी पायात सरकवून धावलो. केशरी पंख, त्यावर पांढरे पट्टे. इतकं देखणं आणि तरी एवढंसं! बरणी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून पतंगाला शांत केलं, मग ऊर्मीनं भराभर फोटो काढून पाठवले. तिच्या ओळखीच्या तज्ज्ञांचं उत्तर आलं आणि जात नक्की झाली. ती मला उचलून गरगर फिरली.

कीटकांच्या वेबसाइटवर पतंगाची नोंद करताना ‘कुणी वाढवलं’ या रकान्यात मात्र तिनं दादासाहेबांचं पूर्ण नाव लिहिलं. मी उसळलेच. “तीन वर्षं राबलीस तू आणि नाव त्यांचं?”

“हिवाळाभर रोज सकाळी जॅकेट चढवून ते गराजमध्ये जायचे गं,” ऊर्मी म्हणाली. “मुलगा सांगत होता, इथे आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी परतीच्या तिकिटाचा विषय काढला नाही.”