किती जण उतरले

आमच्या घरामागे स्विमिंग पूल आहे, हे सांगताना मी अजूनही थोडा अडखळतो. अमरावतीचा उन्हाळा, त्यात नळाच्या पाण्याची वाट बघणारी गल्ली, आणि आम्ही बारा बाय चोवीस फुटांच्या खड्ड्यात बोअरचं पाणी भरून ठेवलेलं. हौस बायकोची. ती भूल देणारी डॉक्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांना झोपवून आली की तिला तासभर पाण्यात पडून राहायचं असतं. मी अकोल्याच्या एका कॉलेजात पंचवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे पाणी सांभाळायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. पोहण्यात मला रस नाही, पाण्यात आहे. रोज सकाळी सातला निळी पेटी उघडायची. तिच्यात दोन नळ्या. एका नळीत पाच थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, जितकं गडद तितका क्लोरीन जास्त. दुसरीत तांबडे थेंब टाकले की पीएच कळतो. तो साडेसातच्या आसपास राहिला पाहिजे. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यामुळे पीएच सतत वर सरकतो आणि आठवड्यातून एकदा बेतानं अ‍ॅसिड देऊन त्याला खाली आणावं लागतं. हे सगळं मी एका वहीत लिहितो. तारीख, क्लोरीन, पीएच, काय टाकलं, आणि शेवटचा रकाना: किती जण उतरले. माणूस पाण्यात उतरला की घाम येतो, तेल येतं, साबण येतो, आणि तेवढा क्लोरीन खर्ची पडतो. आमचा आकडा ठरलेला. बायको, मुलगी आणि अधूनमधून मी, म्हणजे तीन. मुलीच्या मैत्रिणी आल्या की सात.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. ते ऐंशीच्या घरात आहेत. आयुष्यभर आरोग्यसेवक म्हणून नोकरी केली, आधी धारणीकडे आणि मग अकोला जिल्ह्यात. गावोगाव फिरून विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकायची, अर्धा तास थांबायचं आणि नळीत पिवळा रंग आला की पुढच्या गावाची जीप बघायची, हे त्यांचं काम. पुलाला ते 'टाकं' म्हणत. संध्याकाळी टाक्याभोवती चार चकरा मारत, पण आत कधी पाय घातला नाही. पोहायला येत नाही म्हणून असेल, असं मी धरून चाललो. माझी पेटी मात्र त्यांना बघवत नसे.

"पाच पाच थेंब कायले टाकतं रे?" ते म्हणत. "आमी एका थेंबात सांगत होतो."

"तुमची विहीर होती बाबा, हा पूल हाये."

"पाणी तं पाणीच हाये ना."

एप्रिलमध्ये पाणी बिघडलं. आधी मुलीचे डोळे लाल झाले. मग पाण्यावर दुधट झाक आली. सकाळी नळीत थेंब टाकले तर पिवळ्याऐवजी संत्र्याच्या सालीसारखा रंग. मी क्लोरीन टाकणं बंद केलं. चार दिवसांनीही रंग तसाच, उलट थोडा गडद. न टाकता वाढणारा क्लोरीन मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. थेंब खराब झाले असतील म्हणून नवी पेटी आणली. जुन्या कॉलेजात बाटली भरून नेली आणि तिथल्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासलं. पाण्यात चुनासुद्धा वाढलेला निघाला. तेव्हा मी पूल बांधणाऱ्या मिस्त्रीला फोन केला आणि तुझ्या फरशांच्या सांध्यांतून चुना सुटतोय म्हणून त्या बिचाऱ्याला यथेच्छ झाडलं. गोडनिंबाच्या झाडाखाली एक बादली पालथी असायची, तिच्या तळाला पांढरा थर होता. ती मी रोज बघत होतो. बोअरच्या पाण्याचे क्षार, म्हणून सोडून दिलं. पंचवीस वर्षं पोरांना 'निरीक्षण लिहा' म्हणून ओरडणारा मी.

शेवटी मुलीचा एक डोळा सुजला तेव्हा बायकोनं निकाल दिला. "हे पाणी उद्या सकाळी उपसून टाक. सगळं. नाहीतर पूल कायमचा बंद."

पस्तीस-चाळीस हजार लिटर पाणी, आणि तेही ऐन मे महिन्यात. शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न होताच. त्याहून जास्त मला झोंबत होतं ते हे, की पाणी काय सांगतंय ते मला वाचता आलं नव्हतं. पण डोळा मुलीचा होता. सकाळी मी मोटर आणली, पाइप बागेकडे सोडला आणि बटण दाबणार तोच बाबा मागच्या दारातून जवळजवळ धावत आले.

"उपसू नको," ते म्हणाले. "टाकं उपसू नको. माह्यानं झालं थे."

मी त्यांना पायरीवर बसवलं. मग त्यांनी सांगितलं ते असं, की गेला दीड महिना आम्ही उठायच्या आधी, पहाटे पाचला, ते पाण्यात उतरत होते. दुसऱ्या पायरीवर, कमरेइतक्या पाण्यात, दांडी धरून बसत. अर्धा तास. मग बाहेर येऊन बादलीत पावडर कालवत, चुना खाली बसू देत, वरची निवळी पुलात ओतत आणि बादली गोडनिंबाखाली पालथी घालत. पावडरची थैली त्यांनी बाजारातून स्वतः आणली होती. चाळीस वर्षं विहिरीत टाकली त्याच मापानं.

"पण काहून?" मी विचारलं. "मी टाकतोच ना क्लोरीन."

"मी उतरलो होतो ना," ते म्हणाले. "मागून पोरगी उतरते."

मला पटकन कळलं नाही. ते माझ्याकडे न बघता पाइपाकडे बघत बोलत राहिले. ते आठ-नऊ वर्षांचे असतानाची गोष्ट. गाव खारपाणपट्ट्यातलं, गोड्या पाण्याची विहीर एकच, ती मळ्यात. गावातली पोरं पाठीला डबा बांधून तिच्यात पोहायला शिकत. आपल्या वस्तीतल्यांनी काठावरही जायचं नाही. एका दुपारी विहिरीवर कोणी नव्हतं. बाबा पायऱ्या उतरून कमरेइतक्या पाण्यात जाऊन बसले. कोणीतरी पाहिलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मोट लागली, ती दोन दिवस चालली. सगळं पाणी उपसून टाकलं. माझ्या आजोबांना आणि बाबांना ते संपेपर्यंत बांधावर उभं केलं होतं.

"मंग नोकरीत त्याच विहिरीत पावडर मीच टाकली, लय वर्षं," बाबा म्हणाले आणि थोडं हसले. "थे पाणी सारेच पेले."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. आईला माहीत होतं का, तेही मला ठाऊक नाही. मला लाज वाटली. त्या गावाची वाटायला हवी होती, पण वाटली ती माझीच. बाबा वर्षभर आमच्या घरात होते आणि 'तुम्ही उतरता का' एवढं मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

मी मोटरची पिन काढली आणि पाइप गुंडाळून ठेवला.

"पाण्याले समजते का रे," त्यांनी विचारलं, "कोन उतरलं थे?"

"नाही. किती जन उतरले, तेवढंच समजते."

पावडर बंद झाल्यावर क्लोरीन उन्हानं पाच-सहा दिवसांत उतरला. पीएचसाठी दोनदा अ‍ॅसिड द्यावं लागलं. मिस्त्रीला फोन करून माफी मागितली. त्यानं ती जरा जास्तच मोठेपणानं स्वीकारली. मुलीचा डोळा बरा झाला. तिला आम्ही फक्त पावडरचं सांगितलं, बाकीचं सांगायचं आहे. पाणी निवळलं त्या संध्याकाळी बायको आणि मी आधीच पाण्यात होतो, तेव्हा मुलीनं आजोबांचा हात धरला आणि सगळ्यांसमोर त्यांना पाण्यात नेलं. ते दुसऱ्या पायरीवरच बसले. ती त्यांच्याभोवती पोहत राहिली, मध्येच तोंडात पाणी घेऊन त्यांच्या अंगावर चूळ उडवली. ते ओरडले, "ए पोरी!" पण उठले नाहीत.

रात्री जेवणाआधी मी वही भरली. क्लोरीन दोन, पीएच साडेसात, काही टाकलं नाही. किती जण उतरले, तीन.

सकाळी वही उघडली. तीनवर एक सरळ रेघ मारलेली होती. शेजारी लाल पेनानं चार, आणि त्याखाली, सरकारी कागदावर खाडाखोड केली की करतात तशी, बाबांची छोटी सही.