फॉर्मॅलिनची बरणी

"चिठ्ठी आधी, हात मागून," सरांचं हे ठरलेलं वाक्य. लातुरात ते प्राणिशास्त्राचे क्लास घ्यायचे. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील: बॅच खचाखच, सदऱ्यावर खडू, चहा कायम गार. भूकंपात त्यांनी प्रेतांच्या मनगटांना नावाच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. एक पोरगी चिठ्ठीशिवाय सरणावर गेली. तिची आई अजून वाट बघते, हे ते प्रत्येक बॅचला सांगायचे.

मी देवणीकडे वनरक्षक. शिकारीच्या जागी सापडलेले जनावराचे केस त्यांच्याकडे न्यायचो. सूक्ष्मदर्शकात बघून हरीण की शेळी ते सांगायचे.

एकदा दोघेजण काळविटाच्या मांसासकट सापडले. कातडं, शिंगं गायब. "बोकड हाय," दोघेही ठाम. खबर दिली होती एका धनगर मावशीनं, तीही सरांच्या शब्दावर; खाकीवर तिचा भरवसा नव्हता. तिची मेंढरं त्या दोघांच्या शेतालगतच्या माळावर चरायची.

मांस हाच काय तो पुरावा. डीएनए तपासायला ते हैदराबादला पाठवायचं ठरलं. सरांनी तुकडा बरणीत घातला. चिठ्ठी, लाख, सही, सगळं चोख. आणि जन्माच्या सवयीनं वरून फॉर्मॅलिन ओतलं. बेडूक, साप सगळं त्यातच टिकतं, हे त्यांनीच पोरांना शिकवलेलं.

हैदराबादहून उत्तर आलं: फॉर्मॅलिननं डीएनए नासला, साधं स्पिरिट हवं होतं. उरलेलं मांस आम्ही पंचनामा करून पुरलं होतं. पत्र दाबू, बरणी रेल्वेत फुटली म्हणू, तुमची अब्रू तरी वाचेल, असं मी सुचवलं.

"फुटली न्हाई. मी चुकलो," सर म्हणाले. कोर्टातही तेवढंच बोलले. दोघे सुटले. मला सरांचा भयंकर राग आला होता.

सर मात्र कोर्टातून थेट मावशीकडे गेले. खबर कुणाची, हे गावाला कळलंच होतं.

"मंग आता मेंढरं कुठं चारू, सर?" तिनं विचारलं.

पुढं दर रविवारी सर बॅच सोडून त्या माळावर छत्री उघडून बसायचे. पलीकडच्या बांधावरून ते दोघे बघत राहायचे. सर छत्रीआडून पुन्हापुन्हा तिकडं बघायचे, मी पाहिलंय. पण ते उठायचे नाहीत. सरांच्या धीरानं मावशी मेंढरं रोजच तिथं आणू लागली.

सर वारले, तेव्हा माळावर सांगायला मीच गेलो. मावशी म्हणाली, "आता ऐतवारी कोण?"

"मी येतो ना," मी म्हणालो.

तिनं माझ्या खाकी कपड्यांकडे एकवार बघितलं, आणि मेंढरं माळावरून रस्त्याकडे वळवली.