धाकटीचा बियाण्याचा प्लॉट

निरवांगीच्या आमच्या शिवारात गहू हे पाहुणं पीक आहे. ऊस तुटून गेला आणि त्याच बुडख्यांवर पुन्हा खोडवा ठेवायचा नसला, की रान मोकळं राहू नये म्हणून गहू टाकायचा. घरी खायला ठेवायचा, उरला तर विकायचा. गव्हावर घर चालतं असं इकडं कुणी म्हणत नाही. म्हणून माझ्या धाकट्या जावेनं जेवताना सांगितलं, की "माझ्या दोन एकरांत यंदा मी बियाण्याचा गहू करते," तेव्हा माझ्या नवऱ्यानं आधी भाकरी संपवली आणि मग मान वर केली.

ते दोन एकर दीर गेल्यावर धाकटीच्या नावावर आले होते. नावावर आले म्हणजे सातबाऱ्यावर आले. पीक माझा नवराच ठरवायचा, ऊसतोडीची टोळी तोच आणायचा, कारखान्याचं बिल आलं की तिचा वाटा तिच्या हातात द्यायचा. त्यानं तिला कधी फसवलं नाही, हे मी खात्रीनं सांगते. पण त्यानं तिला कधी विचारलंही नाही.

"एक हंगाम घे," तो म्हणाला. "जमलं तर तुजं रान तू बघायचं, मी बांधावर बी यायचो न्हाय. न्हाय जमलं तर परत ऊस. मग ह्यो विषय घरात काढायचा न्हाय."

"चालंल, भावजी," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

बियाण्याच्या गव्हाचं गणित साधं असतं. कंपनी मूळ बियाणं देते, आपण ते आपल्या रानात वाढवायचं. तपासणीचे साहेब येऊन पीक बघतात. प्लॉट पास झाला तर कंपनी बाजारापेक्षा चढ्या भावानं माल उचलते आणि तो पुढच्या साली लेबल लावलेल्या पिशवीतून विकला जातो. नापास झाला तर तो नुसता गहू.

बारामतीला त्याचं प्रशिक्षण झालं तेव्हा मी तिच्याबरोबर गेले. शिकवणाऱ्या बाईंनी खतपाणी थोडक्यात उरकलं आणि सगळा वेळ भेसळीवर घालवला. दुसऱ्या जातीचं झाड रानात दिसता कामा नये. पेरणीयंत्र झाडून घ्या, मळणीयंत्र झाडून घ्या, पोती उलटी करून झटका. धाकटी मान हलवत होती. परत येताना एसटीत ती मला म्हणाली, "अक्का, हे आपल्याला जमंल. झाडझूड तर जल्मभर केलीया."

पीककर्जाला ती मला घेऊन सोसायटीत गेली, तर सचिव म्हणाला, "वहिनी, गव्हाला कर्ज लई कमी बसतं. ऊस लावतो म्हणून लिहू, पेरा काय पेरायचं ते." सगळे तसंच करतात. ही म्हणाली, "जे पेरणार तेच लिवा." सचिवानं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीकडं पाहिलं. तिचं बरोबर होतं, पण मी तिच्या जागी असते तर ऊसच लिहिला असता.

पेरणीच्या दिवशी शेळगावचे आबा ट्रॅक्टर घेऊन आले. हिनं त्यांना आधी पंपावर पाठवून यंत्रात हवा मारून आणायला लावली होती. तेवढ्यावर थांबली नाही. यंत्राखाली वाकून प्रत्येक नळीत बाभळीची काडी घालून बघितली.

"वहिनी, एवढं तर मी माजं दात घासत न्हाय," आबा म्हणाले.

"ते दिसतंय की," ती खालूनच म्हणाली.

मग सासूबाई डबा घेऊन आल्या. आमच्या घरात पेरणीची सुरुवात घरच्या धान्याच्या मुठीनं होते. पूर्वी बैलांच्या पाभरीच्या चाड्यावर मूठ सोडायचे, आता ट्रॅक्टरच्या पेटीत सोडतात. पेटी जितक्या वेळा भरली जाईल तितक्या वेळा एक मूठ. गव्हाला मूठ असते ती सासूबाईंच्या माहेरच्या, सुप्याकडच्या बन्सी गव्हाची. तो गहू त्या दर साली विहिरीजवळच्या कोपऱ्यात थोडा करतात आणि कडुलिंबाचा पाला घालून डब्यात ठेवतात. मूठ सवाष्णीनं सोडायची. दीर गेल्यापासून ती मी सोडत होते आणि धाकटी बांधावर उभी राहत होती.

त्या दिवशी मी हात पुढं केला, तर सासूबाईंनी डबा बाजूला नेला आणि धाकटीपुढं धरला.

"रान तुजं हाय. तू सोड."

"आत्या, मी?"

"मग काय शेजारणीला बोलवू?"

तिनं पदराला हात पुसला. पेटी भरली की ती पुढं यायची, मूठ सोडायची, मागं सरायची. पुन्हा पेटी भरली की पुन्हा. दुसऱ्या कुणी परका दाणा पेटीत टाकला असता तर धाकटीनं त्याला रानातून हाकललं असतं, एवढी ती भेसळीला जपत होती. पण आपण दुसरं बियाणं पेरतोय असं तिच्या मनात आलं नाही. माझ्या आलं नाही, आबांच्याही नाही. ते आमच्या लेखी बियाणं नव्हतंच, मूठ होती.

गहू निसवून ओंब्या बाहेर पडल्या तेव्हा ते दिसलं. कंपनीचा गहू ठेंगणा आणि एकसारखा. त्यातून वीतभर वर, रेघेनं, लांब काळ्या कुसळांच्या ओंब्या डोलत होत्या. एका पट्ट्यात दाट, मग विरळ, मग पुन्हा दाट. पेटी कुठं कुठं भरली ते रानात लिहिल्यासारखं दिसत होतं.

"कंपनीनंच गोंधळ घातला," मी म्हणाले.

तिनं एक ओंबी तोडून माझ्या हातात दिली. "ह्याच्या शेवया खातो आपण, अक्का." मग म्हणाली, "आत्यास्नी सांगू नका. एवढ्या वर्सांनी त्यांनी मला पुढं केलं."

मग आम्ही दोघी आणि मजुरीच्या चार बायका रानात उतरलो. वाकायचं, उंच झाड धरायचं, उपटायचं, पेंढी बांधून बांधाबाहेर टाकायची. रस्त्यानं जाणारा एकजण मोटरसायकल थांबवून म्हणाला, "काय वो वहिनी, लोक गहू पेरत्यात, तुमी उपटताय!"

"तुमच्या उसात बी येऊ का?" धाकटी म्हणाली. बायका हसल्या. त्या दिवसांत आम्ही एवढंच हसलो.

सासूबाईंनी पेंढ्या पाहिल्या. "सोन्यासारखा बन्सी का गं उपटताय?"

"तांबेरा लागलाय, आत्या."

"बन्सीला?"

"व्हय."

त्यांनी एक पात उचलून उन्हात धरली, तांबूस डाग दिसतात का ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि ती टाकून दिली.

साहेब आले तेव्हा रान एका पातळीत दिसत होतं. मला वाटलं, झालं. ते मधूनच वाट काढत गेले, एके ठिकाणी उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी पीक बाजूला केलं. खाली, आमच्या नजरेच्या खाली, काळी कुसळं होती. उपटताना काही झाडं मुळासकट निघाली नव्हती, नुसती खोडातून तुटली होती. त्यांचे मागचे आखूड फुटवे तसेच राहिले होते. साहेब मोजत होते. मग दुसरीकडं बसले, मग तिसरीकडं. ते उठेपर्यंत धाकटीनं हातातला विळा खाली ठेवला नाही.

"ताई, पीक एक नंबर आहे," ते म्हणाले. "पण बियाणं म्हणून मला हे पास करता येणार नाही."

"परत उपटतो की. आठ दिस द्या."

"दाणा भरलाय आता. वेळ गेली."

"थोडंच जास्त हाय न्हवं?"

"थोडं जास्त म्हणजेही जास्तच, ताई."

मी मध्ये पडले. म्हटलं, खायचाच गहू आहे, विष नाही. ते माझ्याकडं वळले. "मावशी, ही पिशवी उद्या कुणाच्या तरी रानात जाणार. पेरलं एक आणि उगवलं दुसरं, तर तो मला आणि तुम्हाला काय म्हणेल?"

माणूस बरोबर होता. त्यांचा आवाजही चढला नव्हता. राग काढायला मला कुणी सापडेना.

तेवढ्यात सासूबाई चहाची किटली घेऊन आल्या. साहेबांनी कप घेता घेता विचारलं, "पण एवढी भेसळ आली कुठून?"

धाकटीनं सासूबाईंकडं पाहिलंही नाही. "पिशवीतनंच आली आसंल."

"मग कंपनीकडं तक्रार करा. मी तसा शेरा मारतो."

"नगं. न्हाय करायची."

साहेबांनी चहा संपवला आणि कागद आवरले. सासूबाई मात्र तिथंच कंपनीच्या नावानं बोटं मोडायला लागल्या. अजून मोडतात. पाहुणे आले, शेतीचा विषय निघाला, की कंपनीनं आमच्या धाकटीचं कसं वाटोळं केलं ते सांगतात. धाकटी त्या वेळी चुलीपुढं असते.

हमीभाव मी मोबाईलवर वाचते. तो देणारं केंद्र मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. इंदापूरच्या बाजारात व्यापाऱ्यानं पोत्यात हात घातला, दाणे तळहातावर पसरले आणि म्हणाला, "मिक्स हाय, मावशी." म्हणजे बियाणं म्हणून नापास झालाच होता, आता गहू म्हणूनही खाली आला. धाकटीनं घासाघीस केली नाही. पोती उतरवून झाली तशी ती पिंपळाखाली जाऊन बसली.

माझ्या नवऱ्यानं तिला एक शब्द सुनावला नाही. ते मला जास्त लागलं. मी त्याला म्हणाले, "अजून एक हंगाम दे तिला. चूक काय झाली ते कळलंय आता."

"ठरलं व्हतं," तो म्हणाला.

मी तिच्याकडं गेले. म्हटलं, तू बोल, मी तुझ्या बाजूनं उभी राहते. ती धुणं वाळत घालत होती.

"नका, अक्का. ठरलं व्हतं."

पुढच्या हंगामाला सोसायटीचा अर्ज माझ्या नवऱ्यानंच उसाचा भरून आणला. तिनं सही केली. आता ती सकाळी डबा घेऊन रोपवाटिकेत कामाला जाते, ट्रेमध्ये मिरचीचं आणि टोमॅटोचं बी लावते. तिथलं काम चोख आहे, हात भरभर चालतो, मुकादम खूश आहे. रानाचा रस्ता तिच्या वाटेवरच आहे. ऊस डोक्याच्या वर गेलाय. टोळी कधी येणार ते माझा नवरा तिला सांगत नाही, आणि तीही विचारत नाही.