आक्काच्या वाकळेतला अनोळखी तुकडा

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका बाईंच्या साडीला ब्लाउजपीस लावून बघत होते. साडी आबोली होती आणि त्या बाई हट्टाला पेटून म्हणत होत्या गाजरी. फोनवर आक्काची सून वैशाली एवढंच बोलली, "मावशी, आई गेल्या. तुम्ही या." मी बरं म्हटलं, पीस फाडून दिला, बाईंना वाटेला लावलं आणि शटर ओढायला वाकले ती तिथंच पायरीवर बसले. खोटं कशाला बोलू... रडू आलंच नाही आधी. भीती वाटली. आधी अव्वा, मग आक्का. आता तिघींतली मीच राहिले.

कशाची भीती, ते सांगायला गारगोटीच्या घरापासून सुरुवात करायला हवी. तिथं आमच्या वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, तिचं माहेर सीमेकडचं म्हणून. ही अव्वा माझ्या आजच्या वयाची झाली आणि हळूहळू विसरायला लागली. तांदळाच्या डब्यात दूध ओतायची. बाजाराला म्हणून निघायची आणि एसटी स्टँडवर माहेरची गाडी कधी आहे विचारत बसलेली सापडायची. तेव्हा या दुखण्याला नाव होतं ते आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. लोक म्हातारचळ म्हणायचे आणि हसायचे. शेवटी शेवटी तर आम्हा दोघी बहिणींकडे बघून ती वडिलांना विचारायची, "ह्या पोरी कुणाच्या वो?" मी धाकटी, मला तर तिच्याजवळ जायचीच धास्ती बसली होती. पण एक गोष्ट होती. घरातल्या जुन्या कपड्यांची वाकळ तिच्या मांडीवर पसरली की ती एकेका तुकड्यावर बोट ठेवायची आणि बिनचूक सांगायची. "ह्यो शांतीचा परकर. हे सुमीचं झबलं." शांती म्हणजे आक्का, सुमी म्हणजे मी. समोर बसलेली सुमी तिला कळत नव्हती, तिचं झबलं मात्र कळत होतं. तेव्हापासून आक्काच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की वाकळ ओळखू येते तोवर माणूस पुरतं हातचं गेलेलं नसतं.

आक्का लग्न होऊन उचगावला आली. भावजी फौंड्रीत कामाला होते, आणि ही घरी बसून लोकांच्या वाकळा शिवायची. आजकाल याला गोधडी म्हणतात, प्रदर्शनात मांडतात, पण आक्काला ते शब्द नको असायचे. बायका गाठोडी घेऊन यायच्या. सासऱ्यांची धोतरं, पोरांचे शाळेचे शर्ट, विरलेली लग्नातली साडी... आक्का गाठोडं दारात घेत नसे. बाईला आत बसवायची, चहा टाकायची, सगळे कपडे जमिनीवर पसरायची आणि एकेक उचलून विचारायची, "ह्ये कुणाचं?" बाई सांगेल ते ध्यानात ठेवायची, आणि तो तुकडा लावताना पहिला टाका त्या माणसाचं नाव घेऊन घालायची, तोंडातल्या तोंडात. आणि एका घरचं कापड दुसऱ्या घरच्या वाकळेत? मरेतोवर नाही. उरलेल्या चिंध्यासुद्धा बांधून परत करायची.

माझं मॅचिंग सेंटर. ढीगभर कटपीस उरतात, कोरे, रंग म्हणाल तो. मी म्हणायचे, "आक्का, ने की गं, फुकट आहेत." तर फिस्सकन हसायची. "फुकाट असूं दे बाई. कुणाच्या अंगाला लागलंय व्हय ते? नाव न्हाय त्याला. थंडीत पांघरल्यावर कोण म्हणून वळखायचं?"

अव्वाची ती वाकळ अव्वामागं आक्काकडे आली. विरलेले तुकडे तिनं तसेच खाली ठेवले आणि त्यांच्यावर नवे चढवले. आमच्या भावाचा, दादाचा सदरा, भावजींचा चौकड्यांचा शर्ट, वैशालीचा डोहाळजेवणातला ब्लाउज, माझ्या लेकीचा, प्राजक्ताचा फ्रॉक. सोमवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी मी जेवून उचगावला जायचे. भांडी आवरली की आक्का वाकळ काढायची. एकीनं बोट ठेवायचं, दुसरीनं सांगायचं.

"हा दादाचा सदरा, काट्यात फाडून आणलेला. अव्वानं त्याला लय बडवला होता."

"बडवला कुठला गं, नुसता एक रट्टा दिला. तू लहान होतीस, तुला काय कळतंय?"

"मग मोरपंखी सांग की हा कुणाचा."

"तुझ्या साखरपुड्याचा. नाक मुरडून बसली होतीस, राणी कलर पायजे म्हणून."

सगळे ओळखून झाले की माझ्या मांडीवर चापट मारायची, "सुमे, डोस्कं शाबूत हाय अजून आपलं!" हसायचो दोघी, पण हसताना एकमेकींच्या तोंडाकडे बघायचो नाही. कशासाठी बोट ठेवतोय ते दोघींना चांगलं कळत होतं, आणि ते तोंडानं बोलायची टाप एकीचीही नव्हती.

मग एक सोमवार आला. मी अव्वाच्या लुगड्याच्या तुकड्यावर बोट ठेवलं. डाळिंबी रंग, पिवळा काठ, आंधळ्यानंसुद्धा सांगावं. आक्का म्हणाली, "वैशालीची ओढणी." मला वाटलं थट्टा करतेय. मी हसले. ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, मग तुकड्याकडे, मग परत माझ्याकडे, आणि तिचा चेहरा असा झाला... चुकलं म्हणून नव्हे, आपण चुकलोय हे माझ्या हसण्यावरून तिला कळलं म्हणून. मी झटकन म्हटलं, "व्हय की, ओढणीच." तिनं वाकळेची घडी घातली आणि पुढच्या सोमवारी काढलीच नाही. "कट्टाळा आला," म्हणाली. मी घरी येताना बसमध्ये डोळे मिटून मनातल्या मनात सगळे तुकडे म्हणून बघितले. सगळे आले. तरी उतरेपर्यंत पुन्हा एकदा म्हटले.

त्यानंतर कात्रीचं सुरू झालं. वाकळ मोठी करायची, एवढंच तिच्या डोक्यात. वैशालीनं भावाच्या लग्नाला घेतलेला नवा ड्रेस कापला. खिडकीचा पडदा कापला. एका सकाळी मी तिथंच होते, तर शेजारच्या कुंभारवहिनी तरातरा आत आल्या. "वैशाली, अगं तुझ्या सासूनं दोरीवरनं माझ्या मालकाचा शर्ट नेला की! आजच घालणार हुते ते!" आक्का खाली बसून शांतपणे त्या शर्टाचे चौकोन करत होती. वर न बघता म्हणाली, "माज्या दादाचा सदरा हाय त्यो. मालकाला दुसरा घाल म्हणावं." आक्काच्या हातातली कात्री चालायची थांबत नव्हती. वहिनी दोन पावलं मागं सरल्या, आणि खरं सांगते, मीही सरले. जिच्या पाठीवर बसून वाढले त्या बहिणीला मी भ्याले. उभी गल्ली तेव्हापासून कपडे आत वाळत घालायला लागली. वैशालीनं कात्री तांदळाच्या डब्यात लपवली, ती सापडली. मग कपाटावर ठेवली, तीही सापडली. नाव विसरणारी बाई कात्री मात्र विसरत नव्हती.

शेवटची नीट भेट झाली ती एका भर दुपारी. वैशाली रेशनला गेली होती आणि आक्कानं आतून कडी लावली होती. मी दार वाजवलं. खिडकीतून बघितलं तर आक्का पलंगावर बसलेली, आणि अंगावर नेसलेल्या साडीचाच पदर कात्रीनं कापत होती. कात्री पोटाजवळ. ओरडावं तर दचकून हात घसरेल, गप्प बसावं तर...

"आक्का, दार उघड. मी सुमी."

"सुमी शाळंत गेलीया. तू कोण?"

काय सांगायचं? मी कोण? तेवढ्या वेळात माझ्या मनात जे आलं ते कुणावर येऊ नये. पण कुठून कोण जाणे, सुचलं. म्हटलं, "वाकळंला तुकडा आणलाय." कात्री थांबली. ती उठली, कडी काढली आणि हात पुढं केला. माझ्याकडे होतं काय? गळ्यातली ओढणी काढून तिच्या हातात दिली, आणि दुसऱ्या हातानं कात्री अलगद काढून घेतली. तिनं ओढणी अंगठ्यानं चोळून बघितली.

"ह्ये कुणाचं?"

"सुमीचं."

"मग ऱ्हाऊ दे. सुमीचं लागतंय." पलंगावर बसून तिनं सुई घेतली आणि पहिला टाका घालताना ओठ हलले. सुमी. मी शेजारी बसून होते, आणि ती माझं नाव त्या कापडाला सांगत होती. वैशाली आली तोवर मी भिंतीला टेकून लहान पोरीसारखी रडत होते, आणि आक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "उगी बाई, उगी. तुझी माणसं येतील हां."

पुढं न्यूमोनियाचं निमित्त झालं. माती झाली, विधी झाले, पाहुणे गेले. वैशालीनं वाकळ धुऊन, ऊन दाखवून माझ्या हवाली केली. "मावशी, मला झोपवत नाही हिच्यात," म्हणाली. तिचं काय चुकलं?

घरी आणून मी ती पलंगावर पसरली आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली. परकर. झबलं. सदरा. डाळिंबी लुगडं. माझी ओढणी. सगळे आले, भराभर आले, जरा बरं वाटायला लागलं. आणि मधोमध बोट थांबलं. बाटलीहिरव्या रंगावर बारीक पांढरी पानं, पानांच्या मधे एकेक शेंदरी ठिपका. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं. एका कडेला जुन्या शिवणीची भोकं, म्हणजे कुणाच्या तरी बाहीचं असणार. उभा जन्म रंगांत काढलेली बाई मी, एकदा बघितलेला काठ विसरत नाही असा लौकिक आहे माझा, दुकान आहे त्या महाद्वार रोडवर. आणि हा तुकडा मी आयुष्यात बघितलेला नाही. की बघितलाय?

टाके बघून कळेल म्हटलं. आक्काचे आधीचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, नंतरचे लांबडे, वाकडे. पण शेवटच्या दिवसांत तिनं अख्ख्या वाकळेवरून पुन्हा सुई फिरवलीय. जुन्यावर नवे, नव्यावर आणखी. काही लागत नाही. वैशालीला विचारलं, ती माहीत नाही म्हणाली. दादा नाही, भावजी नाहीत. ज्यांना विचारावं ती सगळी माणसं आता या वाकळेतच आहेत.

परवा प्राजक्ताला तो तुकडा दाखवला. म्हटलं, "हा तेवढा ओळखू येत नाही बघ." तिनं वाकून तुकडा बघितला. मग हळू आवाजात म्हणाली, "आई, गेल्या आठवड्यात तूच सांगितलंस की हा आजीच्या चोळीचा म्हणून."

मी असं बोलल्याचं मला आठवत नाही. तिच्यावर ओरडले. "काहीतरीच बोलू नकोस, तुलाच नीट ऐकू आलं नसेल!" ती उलटून बोलली नाही, आणि आमची प्राजक्ता उलटून बोलली नाही म्हणजे प्रकरण साधं नाही. मग तीच म्हणाली की दुकानात मी मोरपंखी मागणाऱ्या एका बाईला चिंतामणी रंगाचा पीस दिला होता, ती परत आली होती, आणि हिनं मला न सांगता बदलून दिला. तो चिंतामणी मी माझ्या डोळ्यांनी बघून दिला होता, मोरपंखी म्हणून.

डॉक्टरांकडे नंबर लावलाय. आक्कानं कधी लावू दिला नाही, "मला काय धाड भरलीया?" म्हणायची, आणि आम्हीही तिच्या ओरडण्याला भिऊन गप्प बसलो. मी जाणार आहे. भीत भीत का होईना, पण जाणार. डॉक्टर काय सांगायचं ते सांगतील. त्याच्या आधी हे लिहून टाकलं, आक्काचं जे जे मला येतंय ते माझ्या तोंडून येतंय तोवर.

आणि वाचणाऱ्यांना एक मागणं आहे. अव्वाच्या चोळीचा असेल तो तुकडा, तर मी अव्वाला विसरायला लागलेय. पण आक्का दोरीवरचं उचलायची, हे उचगावात सगळ्यांना ठाऊक आहे. एका घरचं दुसऱ्या घरात न मिसळणाऱ्या माझ्या बहिणीनं शेवटी शेवटी ते केलंही असेल. तेव्हा त्या गल्लीत राहणाऱ्या, तिथं पाहुणं म्हणून येऊन गेलेल्या कुणाचा बाटलीहिरवा, पांढऱ्या पानांचा, शेंदरी ठिपक्यांचा कपडा दोरीवरून नाहीसा झाला असेल, तर माझ्याकडे या. भांडा, चार शिव्या घाला, नवं कापड फाडून देते. वाकळ पसरून ठेवलीय. त्या तुकड्यावर बोट ठेवा आणि माझ्या आक्कानं तो तुमचा चोरला, असं मला तोंडावर सांगा.