तात्यांच्या गाडीवरचा शनिवार

देव हाकेला ओ देतो असं कुणी म्हटलं, की मी मनात हसायचो. नमस्कार रोज करायचो, पण भरवसा स्वतःच्याच हातापायांवर. आयटीच्या पगारांवर धायरीत इमारती उठत होत्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. माझे सासरे, तात्या, दर शनिवारी आपल्या जुन्या इंग्लिश मोटरसायकलवरून मारुतीला जात. अर्धांगवायूनंतर पाय सावरले, उजवा हात मात्र लुळाच राहिला आणि वाचा गेली ती गेलीच. आठ महिने तोंडातून शब्द नव्हता. त्या शनिवारी ते गाडीपाशी जाऊन माझ्याकडे नुसते बघत राहिले. मला राहवलं नाही.

"जावईबापू, आधी एकटे चालवून बघा," सासूबाई म्हणाल्या. "गाडी तुम्हाला ओळखत नाही."

"आई, वीस वर्षं मोटरसायकलच चालवतोय."

त्यांनी उपरण्याने तात्यांना माझ्या कमरेशी बांधलं. तात्या मागून माझ्या डाव्या गुडघ्यावर थापट्या मारत होते. मला वाटलं, खुशीत आहेत. माझ्या गाडीचा ब्रेक उजव्या पायाशी; हिचा डाव्या पायाशी, आणि उजवीकडे गिअर. मला हे ठाऊक होतं, माझ्या पायांना नव्हतं.

देवळाआधीच्या उतारावर पाण्याचा टँकर आडवा आला. सवयीने उजवा पाय दाबला. गिअर बदलला आणि गाडी थांबायची सोडून पुढेच निघाली. हातातला ब्रेक तर नावालाच होता. तात्या आपल्याला बांधलेले आहेत, एवढंच सुचलं. "मारुतिराया!" मी ओरडलो. तेवढ्यात कानाशी खणखणीत आवाज आला, "डावा!"

डावा पाय दाबला आणि टँकर हातभर अंतरावर असताना गाडी थांबली.

"तात्या, तुम्ही बोललात?" मी वळून विचारलं. त्यांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. धक्क्याने एखादा शब्द असा फुटतो, क्वचित होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. होत असेल. मी वाद घातला नाही.

"आपण रिक्षाने जाऊ," म्हणत मी उपरणं सोडलं. तात्यांनी नकारार्थी मान हलवली. एका हाताने आणि दातांनी ओढून त्यांनी ते पुन्हा बांधलं आणि गाल माझ्या पाठीला टेकवला. मला रडूच कोसळलं. ज्याने नुकतंच मरणाच्या दारात नेलं, त्याच्या मागे हा माणूस निर्धास्त बसला होता. आणि मी ज्याला रोज हात जोडतो, त्याच्यावर एकदा तरी असा विसंबलो होतो का?

गाभाऱ्यापुढे तात्यांचा हात धरून उभा राहिलो. नेहमीचं मागणं काही आठवेना. "आता तूच चालव," एवढंच म्हणालो, "मी मागे बसतो."