पासवर्ड आत कुणी टाकला

मिहिका, अर्णव, माझ्या नातवंडांनो, डोळ्यांमुळे नोकरी सोडली असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. ते खोटं होतं. मिहिका, सोमवारपासून तू तिकडे सॉफ्टवेअर कंपनीत जाणार, म्हणून आता खरं लिहिते.

"मावशी, कंटेनर म्हणजे तुमच्या किचनमधला डबा नाही हो. झाकण लावलं, अन् हो गया!"

निखिल हे अकरा जणांसमोर म्हणाला. स्क्रीनवर ग्राहक कंपनीचे दोन साहेब होते. तेही हसले.

निखिल माझ्या मैत्रिणीचा मुलगा. जुन्या संस्थानाच्या दरबारातल्या मानकऱ्यांचं घराणं. राजेंद्र नगरला माझ्या घरी इंग्रजी शिकायला यायचा आणि जेवूनच जायचा. पुढे आमच्याच शहरात, भंवरकुआंला, त्यानं सॉफ्टवेअर कंपनी काढली. मी कॉलेजातून रिटायर झाले तेव्हा त्यानंच बोलावलं. "मावशी, अपने यहां कोणालाच धड लिहिता येत नाही." मी सूचना-पुस्तिका लिहायची आणि प्रत्येक रिलीज, म्हणजे ग्राहकाकडे जाणारी आवृत्ती, यादीप्रमाणे तपासून सही करायची.

कंटेनरमध्ये प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं असतं. एकदा बांधायचं, मग हव्या त्या मशीनवर चालवायचं. पासवर्डसारख्या गोष्टी एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामला वाचता येणारी नोंद, म्हणून देतात. चालवताना दिल्या तर त्या बाहेर राहतात. बांधतानाच लिहिल्या तर आत राहतात, आणि ज्याच्या हाती ते पॅकेट जाईल त्याला दिसतात. पुस्तिकेत मी ठळक लिहिलं होतं: पासवर्ड फक्त चालवताना द्यावा.

निखिलला घाई होती. बांधतानाच टेस्ट उरकावी म्हणून त्यानं ग्राहकाचा पासवर्ड बिल्डच्या, म्हणजे बांधणीच्या, फाइलमध्ये लिहिला आणि चार ओळी खाली तो रिकामा केला. त्याला वाटलं, पुसला. पण बिल्ड थरांवर थर चढवत जातं. वरच्या थरात पुसलेलं खालच्या थरात तसंच राहतं.

मी विचारलं होतं, "पासवर्ड आत नाही ना रे?"

"मावशी, आता माझ्यावरही भरोसा नाही का?"

मी हिस्ट्री, म्हणजे थरांची नोंद, न बघता सही केली. ती चूक माझी. ती मी कोणावर ढकलत नाही.

ग्राहकाच्या इंजिनिअरनं हिस्ट्री उघडली आणि पासवर्ड वाचला. त्या पासवर्डनं त्यांच्या सगळ्या नोंदी उघडत होत्या. म्हणून ती मीटिंग. म्हणून तो विनोद. हसणं थांबलं तसं निखिलनं एक इंग्रजीत टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यावर माझ्या नावानं लिहिलं होतं: पासवर्ड मी अज्ञानानं टाकला, क्षमा असावी.

हळूच म्हणाला, "साइन करा ना. तुमची उमर बघून कोणी काही बोलणार नाही. घर की बात आहे."

अज्ञानानं. हा शब्द लिहायला या मुलाला मीच शिकवलं होतं, इंग्रजीत. पेन त्यानं आधीच उघडून ठेवलं होतं.

मी पेन बंद केलं. स्क्रीनला जोडलेला लॅपटॉप ओढला, हिस्ट्री उघडली, पासवर्डची ओळ दाखवली. मग बिल्डच्या फाइलमधले बदल उघडले. ती ओळ कोणी लिहिली, ते नाव शेजारीच होतं. मी मोठ्यानं वाचलं. तारखेसकट.

"मावशी, बस करा," निखिल म्हणाला.

"सही माझी होती, ती कबूल. ही ओळ तुझी आहे. ती तू कबूल कर."

त्यानं केली नाही. साहेबांनी कॅमेरे बंद केले. मला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. जिना मी एकटीच उतरले. ज्यांच्या चुका मी वर्षानुवर्षं गुपचूप दुरुस्त केल्या, त्यांच्यापैकी एकही उठला नाही. निखिलची आई अजून माझा फोन घेत नाही.

मिहिका, समोरचा कितीही घरचा असू दे, यापुढे मी स्वतः उघडून बघितल्याशिवाय कशावरही सही करणार नाही. आणि दुसऱ्याची चूक माझ्या नावावर घेणार नाही. वय झालं म्हणून नाही, नातं आहे म्हणूनही नाही.

तो माफीचा कागद मी येताना उचलून आणला. कपाटात आहे. सहीची जागा कोरी आहे.