पान टाकण्याआधी एक घोट

आमचे हे मेंढीकोट खेळताना असं पान आपटायचे, की टीपॉयवरचे कप हलायचे. दर शनिवारी संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधले भाऊ आणि वहिनी आमच्याकडे येतात. ते दोघं भिडू, आम्ही दोघं भिडू. नाशिक रोडच्या या कॉलनीत राहायला आलो तेव्हापासूनचा हा शिरस्ता. यांच्या हातात पत्ते आले की वाटायचं, या माणसाला चौघांचीही पानं दिसतायत.

गेल्या वर्षी मात्र हे अडखळायला लागले. पान हातात धरून बसून राहायचे. चालताना पावलं छोटी पडायची. एकदा चहा करायला गेले आणि साखर आधी की पावडर, या विचारात उकळत्या पाण्यासमोर उभेच. मी म्हटलं, "अहो, समाधी लागली की काय!" हसले नाहीत. मी गॅस बंद केला आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली.

एमआरआय काढला. डॉक्टर मॅडमनी पडद्यावरचे पांढरे डाग दाखवले. ब्लडप्रेशरनं वर्षानुवर्षं मेंदूतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या खराब होत गेल्या होत्या, त्यामुळे आतल्या जोडण्या कमजोर झालेल्या. त्याबरोबर मेंदूचा वरचा थरही पातळ झाला होता. "आठवणी पुसल्या गेलेल्या नाहीत. पण विचार करायला वेळ लागतो, कामाचा क्रम लावणं जड जातं," त्या म्हणाल्या. गोळ्या घ्या, चाला, माणसांत राहा, एवढं सांगितलं. झालेलं भरून येईल, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

हे सावकाश म्हणाले, "म्हणजे दुकान बंद नाही झालं. गिऱ्हाईकानं थांबायचं." अशा वेळी या माणसाला हे सुचतं! मी रडायच्या बेतात होते, ती हसले.

पण गिऱ्हाईकं कसली थांबतात! पुढच्या शनिवारी यांच्या पानाची वाट बघताना आम्ही सगळेच चुळबुळ करायला लागलो. भाऊ म्हणजे जिवाला जीव देणारा माणूस, पण तेच म्हणाले, "साहेब, तुम्ही नुसते गप्पा मारायला बसा. आम्ही तिघं रमी खेळतो." माझं डोकं असं फिरलं! मी तोंड उघडणार, तेवढ्यात यांनी हात वर केला. वाक्य जुळवायला त्यांना वेळ लागला. "नुसता बसणार नाही. खेळणार. नियम करू. पान टाकायच्या आधी... प्रत्येकानं... चहाचा एक घोट घ्यायचा."

प्रत्येकानं! म्हणजे सगळेच सावकाश. ज्या डोक्याला चहाचा क्रम लागत नव्हता, त्याच डोक्यातून ही युक्ती निघाली. मला तर यांची दृष्ट काढावीशी वाटली.

परवाच्या शनिवारी डाव चांगलाच रंगला. शेवटची मेंढी, बदामची दश्शी, भाऊंना नाइलाजानं टाकावी लागली आणि पाळी आली यांच्यावर. यांनी कप तोंडाला लावला, खाली ठेवला, पुन्हा लावला. चहा केव्हाच संपला होता. मला दिसत होतं, भाऊंनाही दिसलं. आपला रिकामा कप उचलून त्यांनी सावकाश घोट घेतला. मग वहिनींनी घेतला. मग मी.

यांनी आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"चहा संपलाय," म्हणाले. "कळतं मला."

आणि हुकमाचं पान असं आपटलं, की चारही रिकामे कप खणखणले.